हा मासा कुठला?

मराठी चारचा आकडा पाटीवर काढावा आणि पाटी आडवी धरावी. बंद वळणाचे पोट होते, मोकळ्या सुटलेल्या दोन रेघांची शेपटी होते, आणि पोटात एक ठिपका दिला की मासा तयार. अंक शिकण्याच्या वयातली मुले हा मासा फारसे न शिकवता काढतात, त्याला कारण आहे. घोडा काढायचा तर चार पाय कुठून फुटतात हा प्रश्न पडतो. माणूस काढायचा तर हात खांद्यातून निघतात की डोक्यातून, इथे अडते. माशाला पाय नाहीत, मान नाही, तो बाजूनेच दिसतो आणि एका बंद रेघेत मावतो. म्हणूनच बालवाडीच्या रंगकामात मासा हमखास असतो. आजकाल तो पाटीवरून कागदावर आला आहे. मोबाइलवर शोधायचे, फुकटात उतरवायचे, कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून पंचवीस प्रती काढायच्या आणि वर्गात वाटायच्या. या कागदांवरचा मासा कुठेही पाहिला तरी सारखाच असतो: गोल गरगरीत, जाड ओठांचा, पापण्यांच्या केसांसकट डोळे मिचकावणारा, तोंडातून तीन बुडबुडे सोडणारा. मागे प्रवाळाची दोन झुडपे आणि एक तारामासा. अंगावर तीन पट्टे असले तर मूल न विचारता केशरी खडू उचलते, कारण २००३ साली आलेल्या ‘फाइंडिंग निमो’ या चित्रपटाने त्या पट्ट्यांचा रंग जगभरच्या मुलांसाठी ठरवून टाकला आहे.

अशा कागदांबद्दल आपल्याकडे दोनच मते ऐकू येतात. एक पालकांचे: मूल अर्धा तास शांत बसते, हाताला वळण लागते, छान आहे. दुसरे कलाशिक्षकांचे: आयत्या चित्रात रंग भरल्याने कल्पनाशक्ती मरते, बंद करा. दोन्ही मतांत थोडेबहुत तथ्य आहे, पण खरा दोष दोघांच्याही नजरेतून सुटतो. रेघ आयती आहे एवढ्याने बिघडत नाही. बिघडते ते ती रेघ कुठल्याच माशाची नाही म्हणून. ‘हा मासा कुठला?’ असे मुलाने विचारले तर त्या कागदाजवळ उत्तर नसते. चित्र तयार करून मुलापुढे ठेवणारा मोठा माणूस असतो, आणि रेघ खरी असण्याची जबाबदारी त्याची आहे. रंग मात्र पूर्णपणे मुलाचा. आज नेमके उलटे चालते: मोठे लोक रेघेत वाटेल ती मनमानी करतात आणि मुलाने निळ्याऐवजी जांभळा लावला की त्याला टोकतात.

रेघ आणि नाव एकत्र आले की काय होऊ शकते, याचे एक उदाहरण बांगड्याच्या बाबतीत सापडते. पॅट्रिक रसेल हा स्कॉटिश डॉक्टर अठराव्या शतकाच्या अखेरीस ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत विशाखापट्टणमला होता. तिथल्या किनाऱ्यावरचे मासे त्याने इथल्याच चित्रकाराकडून काढून घेतले आणि १८०३ साली लंडनमध्ये दोनशे माशांचा ग्रंथ छापला. चित्रे रंगाविनाच होती, नुसत्या काळ्या रेघांची. पण प्रत्येक माशाचे कोळ्यांच्या तोंडचे नाव त्याने विचारून लिहिले. त्यातल्या एका माशाचे तेलुगू नाव होते कनगुर्ता. पुढे १८१६ साली फ्रान्सच्या जॉर्ज क्युव्हिएने या माशाला शास्त्रीय नाव दिले ते रसेलच्या चित्रावरून आणि त्याच्या त्या नावावरून. रास्ट्रेलिजर कनगुर्ता म्हणजे आपला बांगडा. जगभरच्या मत्स्यशास्त्राच्या पुस्तकांत आज एका तेलुगू कोळ्याचा शब्द बसलेला आहे, आणि तो तिथे पोहोचला एका बिनरंगी छापील माशामुळे. त्या चित्रात रंग भरले असते तर ते कदाचित चुकलेही असते, कारण पाण्याबाहेर मासा झपाट्याने फिकट पडतो. परांची जागा, शेपटीची खाच, तोंडाची ठेवण मात्र रेघेत जशीच्या तशी टिकली.

मुलांसाठीच्या रंगपुस्तकांनी मात्र रेघेचे हे बळ कधी फारसे मनावर घेतले नाही. अमेरिकेत १८८०च्या सुमारास न्यूयॉर्कच्या मॅक्लॉफ्लिन ब्रदर्स या प्रकाशकांनी केट ग्रीनवे हिच्या चित्रांवर बेतलेले ‘लिटल फोक्स पेंटिंग बुक’ काढले. रंगपुस्तकांची सुरुवात बहुधा इथून मानतात. १९०३ मध्ये तिथेच क्रेयोलाच्या आठ मेणखडूंची पेटी पाच सेंटला मिळू लागली आणि ब्रश-पाण्याचा पसारा न करता लहान मूल रंगवू शकेल अशी सोय झाली. आपल्याकडे दांडेकरांनी १९३१ मध्ये मुंबईत शाईपासून सुरू केलेल्या उद्योगातून पुढे कॅम्लिनचे ‘कॅमल’ रंग घरोघरी पोहोचले. खडू स्वस्त झाले, छपाई स्वस्त झाली, आणि आता तर कागद घरच्या छपाईयंत्रातून निघतो. जे फुकट मिळते त्यात काय आहे हे कोणी तपासत नाही. त्यात संगणकाने आपोआप बनवलेल्या चित्रांची भर पडली आहे. या चित्रांत पोटाखाली तीन-तीन पर असतात, कल्ला डोळ्यापुढे येतो, शेपटीला शेपटी फुटते. मुलाचा हात मात्र प्रत्येक रेघेवरून श्रद्धेने फिरतो.

आता कलाशिक्षकांच्या आक्षेपाकडे वळू, कारण तो वजनदार आहे. ऑस्ट्रियातून अमेरिकेत गेलेला व्हिक्टर लोवेनफेल्ड याने १९४७ मध्ये ‘क्रिएटिव्ह अँड मेंटल ग्रोथ’ हे पुस्तक लिहिले, आणि रंगपुस्तकांविरुद्ध आजही तेच पुढे केले जाते. या पुस्तकातली एक चित्रमालिका प्रसिद्ध आहे. एका मुलाने आधी आपल्या मनाने पक्षी काढले, मग त्याला अभ्यासपुस्तिकेतले ठोकळेबाज पक्षी करायला दिले, आणि त्यानंतर त्याने पुन्हा पक्षी काढले तेव्हा ते त्या ठोकळ्यासारखेच निघाले. स्वतःचा पक्षी हरवला. पुरावा बोलका आहे, पण तो कशाचा पुरावा आहे हेही पाहायला हवे. मुलापुढे ठेवलेला पक्षी चिमणी नव्हती, कावळा नव्हता, बगळा नव्हता. मुलाकडे आधीच जे होते त्याहून गरीब काहीतरी त्याला दिले गेले आणि ते त्याने घेतले. मुलापुढे ठेवायची रेघ त्याला स्वतः दिसले नसते असे काहीतरी दाखवणारी हवी, एवढा धडा यातून नक्की निघतो. रेघच नको, हा निष्कर्ष त्यातून निघत नाही.

शिवाय आयत्या रेघेत रंग भरणे हे आपल्या संस्कृतीत परके नाही. सणासुदीला दारोदारी रांगोळीत तेच चालते. आजी किंवा आई ठिपके मांडते, ठिपके जोडते, आणि रंगांच्या वाट्या घेऊन बसलेली मुले त्या घरांमध्ये चिमटीने रंग सोडतात. ठिपक्यांची संख्या ठरलेली, आकृती पिढ्यान्‌पिढ्यांची. त्यामुळे कोणाची कल्पनाशक्ती मेल्याचे ऐकिवात नाही, उलट चार वर्षे रंग भरणारी मुलगी पाचव्या वर्षी ठिपके स्वतः मांडू लागते. फरक इतकाच की रांगोळीत रेघ काढणारा माणूस शेजारी बसलेला असतो, आणि रेघेबाहेर अंगण मोकळे असते. छापील कागदाने या दोन्ही गोष्टी उचलाव्यात. माशाची आकृती पानाच्या वरच्या अर्ध्यात द्यावी आणि खालचा अर्धा भाग कोरा सोडावा. या माशाशेजारी कोण राहते, तो काय खातो, त्याच्यावर कोणाचे जाळे पडते, ते मुलाने स्वतः काढावे. कोऱ्या जागेतल्या रेघा वेड्यावाकड्या असतील, पण लोवेनफेल्डला हवे होते ते तिथेच घडेल.

तीन-चार वर्षांच्या पोराला बांगडा आणि सुरमई यांतला फरक काय कळणार, असेही विचारले जाते. केंब्रिजचे अँड्र्यू बाल्मफोर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात छापलेल्या एका छोट्या अभ्यासात याचे उत्तर आहे. त्यांनी ब्रिटनमधल्या चार ते अकरा वर्षांच्या १०९ शाळकरी मुलांना दोन प्रकारचे पत्ते दाखवले: एकावर खरे प्राणी-वनस्पती, दुसऱ्यावर पोकेमॉन. आठ वर्षांच्या मुलांनी पोकेमॉन सुमारे ८० टक्के वेळा बरोबर ओळखले, तर ओक, बिजू अशी आपल्याच देशातली जीवसृष्टी जेमतेम निम्म्या वेळा. मुलांची नावे लक्षात ठेवण्याची आणि बारीक फरक टिपण्याची ताकद अफाट असते, हे त्यातून दिसते. ती ताकद कुठे खर्च होते, हे मात्र मोठ्यांनी समोर काय ठेवले यावर अवलंबून असते. ज्या मुलाला दीडशे काल्पनिक प्राणी पाठ होतात त्याला बांगडा, सुरमई, रावस, शिंगाळा, मांदेली, बोंबील यांचे ओझे होईल, हे पटण्यासारखे नाही.

असा कागद प्रत्यक्षात कसा असावा ते बांगड्यावरच पाहू. ए-फोर आकाराचा कागद सुमारे ३० सेंटीमीटर लांब असतो, आणि बाजारात मिळणारा बांगडा वीतभर किंवा थोडा अधिक. म्हणजे तो कागदावर खऱ्या मापात बसतो. जपानमध्ये एकोणिसाव्या शतकात मच्छीमार माशालाच शाई लावून त्याचा कागदावर ठसा घेत, त्याला ग्योताकू म्हणतात. मासा केवढा होता याची ती नोंदच असे. आपलाही छापील बांगडा मापात असला तर मूल त्यावर स्वतःचा पंजा ठेवून पाहील. आकृतीत पाठीवर दोन पर हवेत, आणि त्यांच्या मागे शेपटीपर्यंत सुट्या चिमुकल्या परांची रांग, तशीच रांग खाली पोटाकडूनही. बांगड्याची ही खूण गोल गरगरीत माशात कधीच नसते. शेपटी खोल दुभंगलेली. पाठीवर काळसर ठिपक्यांच्या ओळी नुसत्या तुटक रेघांनी सुचवायच्या. तीन वर्षांच्या मुलासाठी बाह्यरेघ जाड आणि आतले तपशील थोडे, सहा वर्षांच्या मुलासाठी रेघ बारीक आणि ठिपके त्याने स्वतः द्यायचे. खाली ठळक अक्षरांत नाव: बांगडा.

मग रंग. चंदेरी मासा खडूने कसा रंगवायचा? मूल राखाडी खडू घासते आणि मासा मळकट होतो. इथे शेजारी बसलेल्या मोठ्या माणसाला एक युक्ती दाखवता येते. पांढऱ्या मेणखडूने पोटाच्या बाजूला दाबून खवले काढायचे, कागदावर ते दिसतही नाहीत. मग पातळ निळा-हिरवा जलरंग वरून फिरवायचा. मेणावर पाणी ठरत नाही, रंग घरंगळतो, आणि पांढरे खवले एकाएकी उमटतात. पाठीकडे रंग गडद ठेवला आणि पोटाकडे फिका होऊ दिला की बांगडा समुद्रातला वाटू लागतो. यात एक मोठी गोष्टही हळूच शिकवून होते. वरून पाहणाऱ्या पक्ष्याला माशाची गडद पाठ खोल पाण्यात मिसळलेली दिसते, आणि खालून येणाऱ्या मोठ्या माशाला त्याचे पांढरे पोट उजळ आभाळात हरवते. अमेरिकी चित्रकार ॲबट थेयर याने १८९६ मध्ये प्राण्यांच्या गडद पाठ-फिक्या पोटाच्या रंगसंगतीचे तत्त्व मांडले, आणि ते एका चित्रकाराला सुचले याचे आश्चर्य वाटायला नको. सावली कुठे गडद करायची याचा विचार चित्रकाराचा हात रोज करतो. पाच वर्षांच्या मुलाला हे तत्त्व सांगायची गरज नाही. ‘वर जास्त, खाली कमी’ एवढे करून पाहिले की पुरे.

आपले मासे राखाडी, मुलांना भडक रंग हवेत, हा आक्षेप तर मासळीबाजारात नीट न पाहिल्यामुळे येतो. राणी मासा गुलाबी असतो आणि त्याच्या अंगावर पिवळ्या रेघा असतात. मांदेली सोनेरी. सुरमईच्या कुशीवर उभे नागमोडी पट्टे. रावसाच्या छातीखाली दोऱ्यांसारखे लोंबणारे तंतू, शिंगाळ्याला मिशा. बोंबील इतका नितळ की त्याला रंग न लावणे हेच त्याचे रंगकाम, आणि तोंड एवढे मोठे की मुलांना तोच सर्वांत आवडेल. ज्याला रंगांची संपूर्ण मोकळीक हवी त्याच्यासाठी तर गप्पी आहे. नर गप्पीच्या अंगावरची आणि शेपटीवरची नक्षी प्रत्येक माशात वेगळी असते, एकासारखा दुसरा नसतो. वर्गातल्या पंचवीस मुलांनी पंचवीस तऱ्हांनी गप्पी रंगवला तर पंचविसांतला एकही चुकीचा म्हणता येणार नाही.

गप्पीमुळे आणखी एका अवघड आक्षेपातून वाट निघते. मराठी घरांतली कितीतरी घरे मासे खात नाहीत, आणि महाराष्ट्राचा मोठा भाग समुद्रापासून लांब आहे. त्या मुलांना सुरमई-बांगड्याचे काय? पण मासा ओळखणे म्हणजे तो ताटात घेणे नव्हे. विष्णूचा पहिला अवतार मत्स्याचा आहे हे शाकाहारी घरातल्या मुलालाही सांगितले जातेच. आणि डासांच्या अळ्या खाव्यात म्हणून पाण्याच्या टाक्यांत, हौदांत सोडलेले गप्पी मासे गावोगावी आहेत. मूळचे ते दक्षिण अमेरिकेतले, पण आता आपल्या अंगणातले. समुद्र नसला तरी पाणी आहे: उजनीकाठच्या मुलाला चिलापी ठाऊक असतो, भंडारा-गोंदियाच्या मालगुजारी तलावांकाठी मरळ आणि रोहू. परदेशातल्या मराठी शाळेत मुलांच्या हाती असा कागद पडला तर त्याचे काम आणखी वाढते, कारण तिथे बांगडा हा शब्द दुसरीकडून कानावर पडण्याची शक्यता कमी. म्हणून एकच आदर्श मासा ठरवून सगळ्यांना वाटू नये. त्या त्या पाण्याचा मासा त्या त्या मुलाला द्यावा.

ही मागणी शहरी चैन वाटेल. अंगणवाडीताईंच्या अंगावर आधीच पोषण आहार, वजन-उंचीच्या नोंदी, लसीकरणाची कामे असतात, त्यात माशांच्या जाती कुठे? पण ही वाट मराठी बालशिक्षणाने फार आधी चालून दाखवली आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये डहाणू तालुक्यातल्या बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले, अनुताई वाघ त्यांच्या बरोबर होत्या, आणि पुढे ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. माँटेसरीची महागडी साधने आदिवासी पाड्यावर आणणे शक्य नव्हते, म्हणून त्यांनी शिंपले, बिया, पाने, खडे यांचीच साधने केली. ती काटकसर होतीच, पण मुलाच्या आसपासचे जग शिकवण्याच्या लायकीचे आहे हा विश्वासही तिच्यात होता. २०२२चा पायाभूत स्तरासाठीचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडाही खेळ, मातृभाषा आणि स्थानिक साहित्य यांवरच भर देतो. त्याच डहाणू परिसरातल्या जिव्या सोमा मशे यांची मासेमारीच्या जाळ्याची वारली चित्रे जगभर गेली. पांढऱ्या रेघांचे भलेमोठे जाळे, त्यात बारीक मासे आणि जाळे ओढणारी इवलीशी माणसे. आसपासचे पाहूनच ती रेघ आली. असे आसपासचे दहा मासे रंगकामासाठी एकदा नीट काढून ठेवले, तर त्यांच्या प्रती काढायला लागणारा खर्च आणि वेळ त्या डोळे मिचकावणाऱ्या माशाइतकाच आहे. जास्तीचे कष्ट एकदाच, आणि तेही ताईंचे नव्हेत. ते पाठ्यसाहित्य तयार करणाऱ्यांनी करायचे आहेत.

सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्राने पापलेटला राज्यमासा म्हणून घोषित केले. त्याचे उत्पादन घटत चालले आहे आणि लोकांचे लक्ष त्याकडे वळावे, हा त्यामागचा हेतू. राज्यप्राणी शेकरू, राज्यपक्षी हरियाल, तसा हा मासा. पण राज्यातल्या किती बालवाड्यांच्या भिंतीवर पापलेट आहे? त्याची आकृती तर लहान मुलासाठी जणू बेतलेली: जवळजवळ पत्त्यांतल्या चौकटच्या खुणेसारखी, तोंड इवलेसे, पोटाखालच्या परांची जोडी नाहीच, आणि दुभंगलेल्या शेपटीचा खालचा भाग वरच्यापेक्षा लांब. ही शेवटची खूण एकदा हाताने रंगवली की विसरत नाही. जे डोळ्यांनी ओळखता येत नाही ते कमी झाले तरी कळत नाही. मासळी घटल्याची आकडेवारी मोठ्यांसाठी असते, पण बाजारात पिटुकले पापलेट पाहून ‘हे एवढे लहान का?’ असे विचारायला आधी मोठा पापलेट केवढा असतो हे माहीत असावे लागते.

राहिला एक आक्षेप, आणि तो खरा धोका आहे. असल्या कागदांतून रंगकामाचा तास प्रश्नोत्तरांचा तास होईल. ‘याचे नाव काय, पर किती, शेपटी कशी’ असे विचारून आपण खेळाचा अभ्यास करून टाकू. तसे झाले तर हा सगळा खटाटोप वाया गेला म्हणायचे. त्यावर उपाय एकच: नाव कागदावर असावे, मोठ्यांच्या बोलण्यात यावे, परीक्षेत येऊ नये. पापलेट हिरवा रंगवला तर हिरवा. रंग रेघेबाहेर गेला तर जाऊ द्यावा, समुद्रही तिथेच आहे. विचारायचे असेल तर मुलाने विचारावे, आणि ते विचारील अशी सोय रेघेने केलेली असावी.

अशी सोय सर्वांत चांगली लेपी करते. हा चपटा मासा वाळूवर आडवा पडून राहतो. जन्मतः त्याचे डोळे इतर माशांसारखेच दोन बाजूंना असतात, वाढताना एक डोळा सरकत पलीकडे जातो, आणि मोठ्या लेपीचे दोन्ही डोळे एकाच अंगाला येतात. आडव्या चाराच्या पोटात मूल नेहमी एकच ठिपका देते, दुसरा डोळा पलीकडे आहे असे धरून चालते. लेपीच्या कागदावर त्याला दोन ठिपके शेजारी-शेजारी दिसतील. खडू क्षणभर थांबेल, आणि ते मान वर करून विचारील. त्या वेळी शेजारी कोणीतरी बसलेले असावे, आणि त्याला उत्तर ठाऊक असावे.